पिवळा संपला होता

द्वारके, तू सुटलीस म्हणे.

तुला नेलं त्या दिवशी तुझ्या ओसरीवर बसलेल्या बायका एकमेकींना हेच सांगत होत्या. "सुटली बिचारी." एक म्हणायची, दुसरी पदर डोळ्यांना लावायची, तिसरी उसासा टाकून तेच पुन्हा म्हणायची. मला इतका संताप आला की मी उठले आणि मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले. कशातून सुटली? खिडकीखाली टेकवून ठेवलेल्या अर्ध्या चित्रातून? ड्रॉइंगच्या परीक्षेला बसलेल्या मुलींमधून? तुला कुठे सुटायचं होतं! नांदुऱ्याच्या स्टेशनावर बाकड्यावर बसून मालगाडीचे डबे कागदावर काढायचे होते. यंदा वरवट बकालला, तुझ्या माहेरी, मला नेऊन तुझ्या भावाच्या शेतातला हुरडा खाऊ घालायचा होता. आणि माझ्याशी भांडायचं होतं. आपलं एक भांडण तर अगदी मधोमध उभं होतं, आणि तू ते तसंच टाकून गेलीस. याला सुटणं म्हणत नाहीत. याला हातातलं काम काढून घेणं म्हणतात.

आपण दोघी जळगाव जामोदच्या त्या मुलींच्या शाळेत एकाच वर्षी लागलो. मी विज्ञानाच्या मालतीबाई, तू चित्रकलेच्या द्वारकाबाई. तुझा नवरा जाऊन तेव्हाच बरीच वर्षं झाली होती आणि तू तुझ्या सासूबरोबर राहत होतीस. तू विधवा आहेस ही गोष्ट मला वर्षातून फार तर एकदोनदा आठवायची, आणि तुला त्याहून कमी. गावाला मात्र ती रोज सकाळी उठल्या उठल्या आठवायची.

तू चहात साखर कमी घ्यायचीस. बायका एकमेकींकडे बघून मान हलवायच्या, जणू तू व्रतच घेतलं आहेस. तुला गोड चहा आवडत नव्हता, एवढंच होतं. तू स्टाफरूममध्ये खदाखदा हसलीस की शिवणाच्या कुसुमताई हळूच म्हणायच्या, हसून दुःख लपवते हो. तू गप्प बसलीस की मग विचारूच नको. एकदा तुझी दाढ दुखत होती म्हणून तू दिवसभर बोलली नाहीस, तर मोठ्या बाईंनी तुला खोलीत बोलावून तुझ्या पाठीवरून हात फिरवला. बाहेर येऊन तू मला म्हणालीस, "माले, या गावात मले साधी दाढही दुखू देत नाहीत वं." आपण दोघी हसलो, आणि लगेच दाराकडे बघितलं, कुसुमताई ऐकत तर नाहीत ना म्हणून.

आता तुझ्या त्या चित्राचं बोलते. ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले आहे त्याचं.

ती पौषातली सकाळ तुला आठवते? तुझी सासू बयाबाई, तू आणि मी, तिघी तुमच्या वावरात हरभऱ्याची भाजी खुडायला गेलो होतो. धुक्याची धुई इतकी दाट पडली होती की सातपुडा तर सोडच, धुऱ्याच्या बांधावरची बाभूळही गायब झाली होती. बयाबाई ओणवी होऊन सपासप शेंडे खुडत होती. मी बोटं काखेत घालून कुडकुडत होते आणि घरी चला, घरी चला करत होते. तू मात्र ओटीतली भाजी तशीच धरून उभी राहिलीस. बयाबाईनं हाक मारली तरी तू हलली नाहीस. शेवटी ती म्हणाली, "हिले काय झालं? भूत पाह्यलं का काय?" तू म्हणालीस, "आत्याबाई, काहीच दिसत नाही. किती मस्त!"

मग सुताराकडून चौकट करून आणलीस. तिच्यावर मांजरपाट ताणला, सरस शिजवून लावला, घरभर त्याचा वास. आपला जिल्हा मध्यप्रांतातून मुंबई राज्यात गेला आणि तिथून महाराष्ट्रात आला, पण तुझ्या शाळेच्या कपाटात रंगाच्या नळ्या काही आल्या नाहीत. तू वर्गातल्या खडूचे तुकडे गोळा करून वाटायचीस, सफेदा, काजळी, डिंक घालून आपले रंग आपण कालवायचीस. आणि महिनाभर खपून जे केलंस ते पाहून मी खरं सांगते, थक्क झाले ते तुझ्या धाडसानं. दोन हात रुंद चित्र, आणि त्यात ओळखू येईल असं एकही काही नाही. वरून खालपर्यंत पांढरं. पण एक पांढरं नव्हे. कुठे दुधासारखं, कुठे राखेसारखं, कुठे थोडं निळसर. खाली काळ्या मातीचा एक तिरपा पट्टा, तोही धुईत विरत गेलेला. आणि उजव्या कोपऱ्यात खाली, हाताच्या तळव्याएवढं पिवळं. बस.

"डोंगर कुठं आहे?" मी विचारलं.

"तुले दिसला होता का त्या दिवशी?"

"नाही."

"मंग मी कुठून आनू?"

"अगं पण हे शेत आहे, हिवाळा आहे, हे पाहणाऱ्याला कसं कळायचं?"

"थंडी वाजते का नाही पाहून?"

"नाही वाजत," मी म्हणाले. "थंडी कातडीला वाजते, डोळ्यांना नाही. हे मी सातवीला शिकवते."

"तुह्या सातवीले माह्याकडं पाठव," तू म्हणालीस, आणि तिथून आपलं भांडण सुरू झालं. ते शेवटपर्यंत मिटलं नाही. दर हिवाळ्यात तू मला त्या चित्रासमोर उभी करायचीस आणि विचारायचीस, वाजली का? मी शाल घट्ट लपेटून म्हणायचे, नाही. आणि ते पिवळं काय आहे हे मी विचारायचे. तूर? करडई? कुणीतरी दूर पेटवलेली शेकोटी? "पिवळं आहे," तू म्हणायचीस. "तिथं पिवळं पाह्यजे होतं."

जिल्ह्याच्या प्रदर्शनात ते बुलढाण्याला पाठवलंस तेव्हा परीक्षकांनी कोणती बाजू वर, असं विचारलं होतं. तू त्यांच्यावर रागावली नाहीस. उलट परत येताना एसटीत मला म्हणालीस, निदान त्यानं चित्राबद्दल तरी विचारलं. तेव्हा मी ते ऐकून सोडून दिलं. आज ते वाक्य मला राहून राहून आठवतं, कारण त्यानंतर चित्राबद्दल कोणीच काही विचारलेलं नाही. सगळे तुझ्याबद्दलच बोलतात, आणि तेही भलतंच.

त्या पिवळ्याची हकीकत ठाऊक असलेली मी एकटीच उरले, असं मला परवापरवापर्यंत वाटत होतं.

संक्रांतीनंतरचे दिवस होते. माझ्याकडे हळदीकुंकू झालं होतं. खरं तर मी ते बंद करणार होते. सगळ्या बायका पुढच्या खोलीत आणि तू मागे चुलीपाशी लाडू वळत बसलेली, हे मला बघवत नव्हतं. तर तूच माझ्यावर उसळलीस. "माह्यापायी बंद करशीन तं गाव उद्या मलेच नावं ठेवीन. तू तुह्यं कर. लाडू मले दे, झालं." तेव्हा मी करत राहिले आणि तू डबाभर लाडू नेत राहिलीस. त्या दिवशी बायका गेल्यावर तू मागच्या दारानं आलीस ती चपलाही न काढता, हाताला पांढरा रंग, कपाळाला पांढरा रंग.

"माले, पिवळा संपला. अकोल्याहून यायचा तं पंधरा दिवस जातीन. तोवर माह्या डोक्यातलं निघून जाईन." आणि तुझी नजर फळीवर गेली. तिथे कुंकवाच्या करंड्याशेजारी हळदीची वाटी होती, त्या दिवशीचीच, अर्धी उरलेली. "दे थे इकडं."

मी वाटी काढून दिली. तू बोट बुडवलंस, उजेडात धरलंस, डोळे बारीक केलेस. मी म्हणाले, "हळदीचा रंग पक्का नसतो. उन्हानं उडतो. डिंकात कालवलीस तरी उडणार."

तू माझ्याकडे बघत राहिलीस. मला वाटलं, आता पुन्हा वाद. पण तुझा चेहरा असा काही उजळला की मला कळेना मी काय एवढं बोलले.

"दुसरी कोनी असती ना," तू म्हणालीस, "तं माह्या हातात हळद पाहून तिनं डोळे पुसले असते. तू रंग टिकन का नाही ते विचारलं."

"मग विचारायचं काय दुसरं?"

"काहीच नाही. तेच विचारायचं." आणि वाटी पदराखाली झाकून निघालीस. दारात थांबून म्हणालीस, "उडते तं उन्हात नाही ठेवायचं. कबूल?"

मी कबूल म्हणाले. तू ते चित्र तुझ्या घरातल्या आतल्या भिंतीवर लावलंस, चुलीच्या समोर, जिथे दिवसाही कंदील लागतो. इतकी वर्षं पिवळं जसंच्या तसं होतं.

आता ऐक पुढे काय झालं ते.

तुझ्या तेराव्यानंतर शाळेत शोकसभा झाली. संस्थेचे अध्यक्ष स्वतः तुझ्या घरी जाऊन बयाबाईकडून ते चित्र मागून घेऊन आले होते. शाळेच्या सभागृहात लावायचं म्हणून. त्यात वाईट काही नाही, असं मी मनाची समजूत घालत बसले होते. चित्राला झेंडूचा हार. समोर उदबत्ती. उदबत्तीचा धूर थेट चित्रावर, पण तेही मी गिळलं. मग अध्यक्ष उभे राहिले. त्यांनी चित्राकडे हात केला, आणि सांगायला लागले.

काय काय सांगितलं म्हणून सांगू! हा शुभ्र रंग म्हणजे द्वारकाबाईंचं वैधव्य. ही रिकामी जागा म्हणजे त्यांचं उजाड झालेलं आयुष्य. हा काळा पट्टा म्हणजे नियती. अबोल राहून त्यांनी आपलं दुःख कुंचल्यानं मांडलं, आणि आम्हाला ते कळलं नाही. बायका रडत होत्या. मुलीही रडत होत्या. कुसुमताई तर हुंदके देत होत्या. मी पिवळ्याकडे बघत होते. एवढं तळव्याएवढं ढळढळीत पिवळं, आणि त्याच्याबद्दल एका अक्षरानं कोणी बोलत नव्हतं. त्यांच्या गोष्टीत ते बसत नव्हतं, म्हणून त्यांना ते दिसतच नव्हतं.

मला राहवलं नाही. मी उभी राहिले. शोकसभेत मधे उठून बोलू नये हे मला कळतं, पण उठले.

"साहेब," मी म्हणाले, "हे हिवाळ्याचं चित्र आहे. यांच्या वावरात धुई पडली होती. मी बरोबर होते."

अध्यक्षांनी माझ्याकडे फार मायेनं पाहिलं. "अगदी बरोबर बोललात, मालतीबाई," ते म्हणाले. "हिवाळाच तो. आयुष्याचा हिवाळा."

आणि टाळ्या पडल्या, द्वारके! शोकसभेत टाळ्या. मी खाली बसले. दुसरं काय करणार? आपण हरभरा म्हणावं तर ते म्हणणार, हो, जीवनाचा हरभरा.

तू असतीस तर माझ्या मांडीला चिमटा काढून हसली असतीस. मला हसू आलं नाही. मला आजही येत नाही. एक बाई थंडीत पाय ओले करून उभी राहते, महिनाभर राबते, पांढऱ्याचे किती तऱ्हेचे पांढरे असतात ते शोधून काढते, आणि तिच्या त्या कामाबद्दल एक शब्द नाही. तिचा नवरा मेला होता म्हणून चित्र पांढरं! मग जिचा नवरा जिवंत आहे तिनं धुई कशी काढावी? लाल? अध्यक्षांच्या घरी कॅलेंडरवर बर्फाचे डोंगर आहेत. ते काढणाऱ्याची बायको मेली होती का, हे त्यांनी कधी विचारलं आहे?

आठ दिवसांत चित्राखाली पाटी आली. पेंटरनं छान सावली दिलेल्या अक्षरांत लिहिलेली. 'एकाकी'. तू त्या चित्राला नाव दिलं नव्हतंस. मी कितीदा मागे लागले तरी दिलं नव्हतंस. "नाव ठेवाले काय थे पोरगं आहे?" म्हणायचीस. आता गावानं बारसं करून टाकलं.

तीही मी सोडली असती. पण त्यांनी चित्र लावलं कुठे माहीत आहे? सभागृहाच्या पश्चिमेच्या भिंतीवर, बरोबर पूर्वेच्या मोठ्या खिडक्यांसमोर. हिवाळ्यात सूर्य खालून येतो. प्रार्थनेच्या वेळी ऊन सगळं सभागृह ओलांडून सरळ तुझ्या चित्रावर पडतं. मी रोज प्रार्थनेला डोळे उघडे ठेवून उभी राहू लागले. पहिल्या आठवड्यात काही वाटलं नाही. दुसऱ्या आठवड्यात पिवळ्याची कड फिकी दिसली. मग मला खात्री पटली. ते उडत होतं. मी तुला सांगितलं होतं तसंच, शास्त्राप्रमाणे. आणि जेव्हा पुरतं उडेल तेव्हा उरेल नुसतं पांढरं, नुसतं काळं, आणि खाली 'एकाकी'. मग पुढच्या साऱ्या मुली येऊन तेवढंच बघतील आणि म्हणतील, हो, अध्यक्षांचं खरं होतं. आपल्या बाई तशाच होत्या.

म्हणजे त्यांचं खोटं माझ्या डोळ्यांसमोर रोज थोडं थोडं खरं होत होतं. माझा जीव त्यात अडकला होता.

मी मोठ्या बाईंकडे गेले. म्हणाले, चित्राला ऊन लागतं, दुसऱ्या भिंतीवर लावू या. त्या म्हणाल्या, "उजेडात किती छान दिसतं. आणि रंग पक्के असतात हो, काही होत नाही." मी म्हणाले, सगळेच नसतात. "तुम्हाला कसं ठाऊक?" त्यांनी विचारलं. आणि मी गप्प बसले.

का गप्प बसले ते तुला कळेल, बाकी कोणाला नाही कळणार. ती हळद आहे, एवढं सांगितलं असतं की चित्र त्या दिवशीच हललं असतं. पण पुढे काय झालं असतं ते मला लख्ख दिसत होतं. 'जिला हळदीकुंकवाचा मान मिळाला नाही, तिनं गुपचूप हळद चित्रात भरली!' अध्यक्षांना दुसरं भाषण मिळालं असतं, पहिल्याहून ओलं. निबंधाला विषय मिळाला असता. आणि तुझं ते एकुलतं एक पिवळं, जे अजून त्यांच्या तावडीतून सुटून कोपऱ्यात बसलं होतं, तेही वैधव्यात जमा झालं असतं. बोलले तर जातं, न बोलले तर उडतं. अशा कचाट्यात मी सापडले होते, द्वारके, आणि मला तुझाही राग आला. अकोल्याहून रंग येईपर्यंत पंधरा दिवस थांबली असतीस तर तुझं काय बिघडलं असतं?

शेवटी मी बयाबाईकडे गेले. तिची लेक तिला नांदुऱ्याला न्यायला आली होती आणि घरात बोचकी बांधलेली होती. चुलीसमोरची भिंत मोकळी. तिच्यावर चित्राच्या आकाराचा स्वच्छ चौकोन, भोवती सगळा धूर.

"आत्याबाई," मी म्हणाले, "ते चित्र शाळेकडून परत मागा. तुमी मागतलं तं देतीन."

"वापस?" ती म्हणाली. "देल्ली वस्तू वापस मांगू काय? एवढा मोठा मानूस चटईवर बसला, हात जोडले. मी म्हनलं, न्या."

"पन तिनं मले सांगतलं होतं, उन्हात ठेवू नोको म्हनून."

"काऊन?"

मी बोचक्यांकडे बघू लागले. ती गाठ मारता मारता थांबली आणि तिनं माझ्याकडे बघितलं.

"हळदीपायी का?"

मी चमकून मान वर केली.

"तुह्या घरची पुरली नाही तिले," बयाबाई म्हणाली. "माह्या डब्यातली सारी संपवली. दोन दिवस पांढरी दाळ खाल्ली आमी. घरात दोन बाया, हळद जाईन कुठं?"

"मंग तुमी कोनाले बोलल्या नाहीत?"

"काय बोलू? कोनी म्हनते, पाह्य, हळदीले हात लावते. कोनी म्हनते, बिचारी. दोन्ही आयकाचा मले कंटाळा आहे वं बाई." तिनं बोचकं बाजूला सरकवलं. "मले तं तिचा राग आलता. दाळीत हळद नाही म्हनून."

द्वारके, तुला सांगते, इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा बरं वाटलं. तुझ्यावर कोणीतरी साधं, घरगुती रागावलं होतं. तुझी कीव न करता.

मी म्हणाले, "थे उडून राह्यलं, आत्याबाई. थोडे दिवसात दिसनार नाही."

"उडन तं पुन्हा लावजो," ती म्हणाली. "हळदीचा काय दुष्काळ पडला?"

एवढं सोपं होतं. माझ्या डोक्यात ते आलं नव्हतं, कारण मी अध्यक्षांशी मनातल्या मनात भांडण्यात गुंतले होते.

परवा संक्रांत झाली. शाळेला सुट्टी. विज्ञानाच्या खोलीत काम आहे सांगून मी किल्ली घेतली. घरून हळद नेली, डिंक भिजवून नेला, आणि तुझ्याच कपाटातला एक ब्रश. सभागृहात बाक ओढून त्यावर चढले. जवळून पाहिलं तर पिवळं जवळजवळ गेलंच होतं, कडेला थोडं उरलं होतं म्हणून जागा सापडली. मी काही चित्रकार नाही, आकृतीत फुप्फुसं काढली तरी मुली हसतात. पण उरलेल्या कडेच्या आतच राहायचं ठरवलं आणि हळूहळू भरत गेले. एक थर, वाळू दिला, मग दुसरा. खालच्या पाटीला हात लावला नाही. ती काढली तर तिच्याहून मोठी येईल, हे मला कळतं. राहू दे. खाली 'एकाकी' म्हणू दे आणि वर ते ढळढळीत पिवळं असू दे. ज्या मुलीला डोळे असतील ती विचारील, की मग हे काय आहे? एकीनं विचारलं तरी पुरे.

आणि हो, मी तुझ्या चित्रासमोर बाकावर हातभर अंतरावर तासभर होते. मला थंडी वाजली नाही. हे मुद्दाम सांगते आहे. मी हार मानलेली नाही.

मी उतरणार, एवढ्यात दार वाजलं. कुसुमताई. घरच्या हळदीकुंकवाला शाळेतली सतरंजी न्यायला आल्या होत्या. त्यांनी मला पाहिलं. माझ्या हातातली वाटी पाहिली, माझी पिवळी बोटं पाहिली, चित्र पाहिलं, आणि मला कळलं की आता संपलं. त्यांचे डोळे भरून आले. दोन्ही हात छातीशी नेऊन त्या म्हणाल्या, "मालतीबाई! संक्रांतीच्या दिवशी! आयुष्यभर जिले कोनी लावली नाही, तिले शेवटी तुमी हळद लावली हो!"

माझ्या अंगात तू शिरलीस की काय कोण जाणे. मी बाकावरूनच ओरडले.

"पिवळा उडाला होता, कुसुमताई! पिवळा. रंग. बाकी काही नाही."

त्यांनी मान हलवली, समजूतदारपणे, अगदी अध्यक्षांसारखी, आणि डोळे पुसत सतरंजी घेऊन गेल्या. आज सकाळी बाजारात दोन बायकांनी मला थांबवून माझे हात हातात घेतले. म्हणजे गावभर झालं. आता त्याचं काय भाषण होतं ते होवो. पिवळं मात्र जागेवर आहे, आणि पुढच्या संक्रांतीला उडालेलं असेल तर मी पुन्हा बाकावर चढेन. त्याच्या पुढच्याही. कोणी काही म्हणो.

संक्रांतीच्या त्या दिवशी शाळेतून घरी आले तेव्हा माझ्याकडे बायका यायची वेळ झाली होती. मी हात साबणानं धुतले तरी नखांत हळद राहिली होती. फळीवरून करंडा काढला, हळदीची वाटी भरली, आणि मागच्या दाराकडे पाहिलं. मग मात्र मला रडू कोसळलं. कुसुमताई आल्या असत्या तर त्यांनी त्याचाही काही अर्थ लावला असता, म्हणून तुलाच सांगून ठेवते. वाटी फळीवर तशीच भरलेली होती, आणि चपला न काढता आत घुसून ती मागणारं आता कोणी नव्हतं.